प्राणी कोणाला म्हणावे? तिसरीच्या वर्गातला प्रश्न आणि गुरांच्या डॉक्टरचे उत्तर

निफाड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या एका बाईंनी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी फळ्यावर ‘प्राणी’ हा शब्द लिहून मुलांकडून उदाहरणे मागितली. गाय, म्हैस, शेळी, कुत्रा ही नावे भराभर आली. कोंबडी म्हटल्यावर ‘ती पक्षी आहे’ असा आक्षेप निघाला, मुंगी ‘किडा’ ठरली, माणूस म्हटल्यावर वर्ग हसला, आणि एका मुलाने उभे राहून ठामपणे सांगितले की बिबट्या प्राणी नाही, तो जनावर आहे. बाईंना दोन गोष्टी हव्या आहेत. या शब्दाचा बरोबर अर्थ कोणता? आणि ज्या घरात पोळ्याला बैलाच्या पाया पडतात त्याच घरात कुत्र्याला दगड बसतो, तेव्हा आपल्या माणसांना प्राण्यांविषयी नेमके काय वाटते असे मुलांना सांगायचे?

बाई, मी भाषेचा अभ्यासक नाही. पशुसंवर्धन खात्यात तीस वर्षांहून अधिक काळ काढला, त्यातली बरीचशी नोकरी सिन्नर, निफाड, दिंडोरी आणि पेठ या तालुक्यांत झाली, आणि निवृत्तीनंतर नाशिक शहरात कुत्र्यामांजरांचा छोटासा दवाखाना चालवतो. त्यामुळे या शब्दाचे अर्थ मला कोशापेक्षा गोठ्यात जास्त भेटले. तरी सुरुवात कोशापासूनच करतो, कारण तिथे एक गंमत आहे.

प्राणी म्हणजे ज्याच्यात प्राण आहे तो. मूळ संस्कृत ‘प्राणिन्’. जनावर हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तिथे ‘जान’ म्हणजे जीव आणि ‘वर’ म्हणजे तो बाळगणारा. इंग्रजांचा ‘अ‍ॅनिमल’ लॅटिनमधल्या ‘अ‍ॅनिमा’वरून, म्हणजे श्वासावरून आलेला आहे. तिन्ही भाषांनी एकच खूण धरली, ती म्हणजे श्वास. या व्याख्येत माणूसही येतो आणि मुंगीही येते. असे असूनही आज ‘प्राणी’ म्हटले की पाठ्यपुस्तकातले चित्र डोळ्यांपुढे उभे राहते आणि ‘जनावर’ म्हटले की दावण, शेण, वैरण, नाहीतर शिवी. मुळात सारख्या अर्थाच्या दोन शब्दांची इभ्रत इतकी वेगळी झाली, कारण एक शब्द पोथीच्या आणि शाळेच्या वाटेने आला आणि दुसरा गोठ्यात आणि बाजारात राबत राहिला.

‘पशू’ची कुळी निराळी आहे. लॅटिनमधला ‘पेकुस’, म्हणजे पाळलेली गुरे, हा त्याचाच भाऊबंद, आणि त्यावरूनच तिथे पैशाला ‘पेकुनिया’ म्हणू लागले. आपल्याकडे ‘पशुधन’ आणि ‘गोधन’ हे शब्द सरकारी कागदावर आजही आहेत, ते याच जुन्या व्यवहाराचे अवशेष. पशू म्हणजे बांधलेला, मोजलेला, मालकाच्या नावावर असलेला जीव. शैव तत्त्वज्ञानात तर प्रत्येक जीव पाशाने बांधलेला म्हणून पशूच आहे, आणि सोडवणारा पशुपती. अथर्ववेदात पाच पशूंची यादी येते तीत गाय, घोडा, शेळी आणि मेंढी यांच्या ओळीत माणूसही बसवला आहे. आपल्या वर्गाला हसू आले त्या उत्तराला इतका जुना आधार आहे, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

रानातल्यांसाठी वेगळा शब्द होता, तो ‘मृग’. आज मृग म्हणजे हरीण, पण वेदकाळात कोणताही रानटी प्राणी मृगच होता. ऋग्वेदात हत्तीला ‘हात असलेला मृग’ म्हटले आहे, माकडाला संस्कृतात ‘शाखामृग’ म्हणतात, आणि सिंह मृगेंद्र होतो तो हरणांचा नव्हे, सगळ्या रानाचा राजा म्हणून. मल्याळम भाषेत आजही ‘मृगम्’ म्हणजे सरसकट प्राणी. शब्द असे आक्रसतात आणि पसरतात, त्यामुळे ‘बरोबर अर्थ एकच’ असा हट्ट या बाबतीत टिकत नाही.

शास्त्रातला अर्थ सांगून टाकतो, कारण परीक्षेत तोच लागतो. स्वतःचे अन्न स्वतः तयार न करता दुसऱ्या सजीवांवर जगणारे, अनेक पेशींचे, पेशीभित्तिका नसलेले सजीव म्हणजे प्राणी. यात गांडूळ, मुंगी, मासा, कोंबडी, बिबट्या आणि माणूस सगळे येतात. लिनियसने १७५८ साली प्राण्यांची नावे ज्या ग्रंथात पक्की केली त्यातही माणूस वानरांच्या शेजारीच बसवलेला होता. कोंबडी पक्षी आहे हे खरे आणि म्हणूनच ती प्राणीही आहे. आंबा फळ आहे म्हणून तो झाडाचा नाही असे होत नाही.

कायद्यात मात्र हा शब्द फार सोयीने वागतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे माणूस वगळून कोणताही सजीव जीव. म्हणजे तिथे मुंगी आत आणि माणूस बाहेर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सस्तन प्राणी, पक्षी, सरपटणारे, उभयचर, मासे आणि अपृष्ठवंशीय, इतकेच नव्हे तर त्यांची पिल्ले आणि अंडीसुद्धा ‘प्राणी’ आहेत. जुन्या भारतीय दंड संहितेत जनावर मारण्याचा गुन्हा त्याच्या किमतीवर ठरत असे: हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, बैल, गाय असेल तर किंमत कितीही असो, शिक्षा मोठी, इतर प्राणी असेल तर दहा रुपये आणि पन्नास रुपये अशा दोन पायऱ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ती किमतीची भाषा काढून टाकली. मात्र १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड ही तरतूद मी सेवेत असताना सगळी वर्षे तशीच पाहिली; पन्नास रुपयांत आता वैरणीची पेंढीही नीट येत नाही. पशुगणनेची तऱ्हा आणखी वेगळी. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातले पशुधन ५३ कोटी ५७ लाखांच्या घरात भरले, पण त्या आकड्यात एकही कोंबडी नाही, कारण ८५ कोटींहून अधिक कोंबड्या ‘कुक्कुट’ या वेगळ्या रकान्यात मोजल्या गेल्या. तेव्हा आपल्या वर्गातल्या मुलांनी कोंबडीला बाहेर काढले ते अगदीच निराधार नव्हते; सरकारही तेच करते.

आता जे मला खरोखर सांगायचे आहे त्याकडे येतो. माझ्या अनुभवात मराठी माणूस प्राण्याला जो शब्द वापरतो, तो शब्द त्या जिवाचे आपल्याशी नाते काय ते सांगतो. एकाच गोठ्यातल्या एकाच गायीचे शब्द बघा. जन्मल्यावर ती वासरू, म्हणजे नपुंसकलिंगी ‘ते’. वाढली की कालवड, मग गाय, आणि आता ‘ती’. रेतन केले आणि उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही, तर गाभण. व्यायली की पहिल्या वेताची, दुसऱ्या वेताची. आटली, पुन्हा गाभण राहिली नाही, की भाकड. आणि भाकड शब्दाला लागलेला निरुपयोगीपणाचा वास इतका दाट आहे की पोकळ गोष्टींनाही आपण भाकडकथा म्हणतो. नर झाला तर गोऱ्हा, मग खोंड, मग बैल, आणि बैल करायचा म्हणजे त्याला बडवायचा. चिमट्याने नस दाबण्याची पद्धत येण्याआधी ते खरोखरच बडवणे असे. त्यालाच सभ्य भाषेत खच्चीकरण म्हणतात, आणि आज तो शब्द कार्यकर्त्यांच्या मनोबलासाठी रोज वर्तमानपत्रात येतो.

व्याकरणही यात सामील आहे. मराठीला तिसरे लिंग आहे, आणि प्राण्याचा मान कमी करायचा असेल तेव्हा आपण त्या लिंगाचा आसरा घेतो. कुत्रा येतो तेव्हा तो ओळखीचा असतो; कुत्रं येतं तेव्हा ते हाकलायचे असते. घोडा आणि घोडं, मेंढी आणि मेंढरू यांतले अंतर कानाला लगेच कळते. माझ्या शहरी दवाखान्यात ‘हे कुत्रं कुठून आणलं?’ असे चुकून विचारले तर मालकीणबाई दुखावतात. तिथे तो ‘आमचा ब्रूनो’ असतो आणि मी ‘डॉक्टरकाका’. गावाकडे बैलाला सर्जा, राजा, ढवळ्या, पवळ्या अशी नावे असतात, गायीला कपिला किंवा चंद्री म्हणतात. बाजारात जायच्या बोकडाला नाव ठेवलेले मी क्वचितच पाहिले, आणि ज्या घरातल्या पोरांनी ठेवले त्या घरात विकताना रडारड झाली. गाय मेली असे शेजारी म्हणतो. मालक म्हणतो, ‘गाय गेली’.

एक रात्र सांगतो. सिन्नरच्या पूर्व भागात, थंडीत, गाय अडल्याचा निरोप आला. वासराची मान मागे वळलेली होती. साबणाचे पाणी, दोरी आणि खांद्यापर्यंत आत घातलेला हात, असा दीड तासाचा खेळ झाला. तेवढा वेळ घरातली म्हातारी गायीचे डोके मांडीवर घेऊन बसली होती आणि अडलेल्या लेकीशी बोलावे तसे तिच्याशी बोलत होती: ‘सोस माझे बाई, झालंच आता.’ गाय ‘दोन जिवांची’ आहे असेच ती म्हणाली होती, गाभण नव्हे. वासरू जिवंत निघाले. कंदिलाच्या उजेडात कोणीतरी शेपटी उचलून पाहिले आणि ‘गोऱ्हा हाय’ असे म्हणाले, तेव्हा सगळ्यांचा आवाज एक पायरी खाली उतरला, कारण गाय संकरित होती आणि संकरित गोऱ्ह्याला ना वशिंड धड, ना उन्हात राबण्याची ताकद. मग वार, म्हणजे वासराभोवतीची पिशवी, पडली आणि ती ओढायला अंधारातून एक कुत्रे आले. म्हातारीने मांडीवरचे डोके अलगद खाली ठेवले, चुलीपाशीचे लाकूड उचलले आणि असे फेकून मारले की ते केकाटत गेले. सकाळी चहा घेऊन मी निघालो तेव्हा त्याच कुत्र्याला तिने रात्रीची भाकरी टाकलेली पाहिली. तिच्या दृष्टीने यात कुठेही विसंगती नव्हती. गाय लेकीच्या जागी होती, गोऱ्हा खर्चाच्या जागी होता आणि कुत्रा राखणीच्या जागी. त्याने जागा सोडली म्हणून मार खाल्ला, जागेवर परत आला म्हणून भाकरी मिळाली.

बाई, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते या रात्रीत आहे. आपली माणसे ‘प्राण्यांवर’ प्रेम करीत नाहीत आणि ‘प्राण्यांचा’ द्वेषही करीत नाहीत, कारण ‘प्राणी’ नावाची एकसंध गोष्ट त्यांच्या घरात नसतेच. तिथे गाय असते, बैल असतो, मांजर असते, उंदीर असतो, आणि प्रत्येकाशी वेगळा करार असतो. त्या कराराबाहेर जो पडतो त्याचे हाल होतात, आणि हे मी कौतुकाने सांगत नाही. गायीला आई म्हणणाऱ्या गोठ्यांत मी दूध तोडलेले, हाडे निघालेले गोऱ्हे पाहिले आहेत. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे (म्हशी आणि रेड्यांना ती लागू नाही), त्यामुळे असा गोऱ्हा विकताही येत नाही आणि पोसताही येत नाही. मग एखाद्या रात्री तो दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडून दिला जातो आणि त्या दिवसापासून त्याचे नाव ‘मोकाट’ होते. हल्ली लिंगवर्गीकृत रेतमात्रांमुळे, म्हणजे मादीचे बीज वेगळे काढलेल्या वीर्यामुळे, बहुतेक कालवडीच जन्माला घालता येतात, म्हणजे हा प्रश्न आपण जन्माच्या आधीच सोडवायला निघालो आहोत.

काही शब्द मात्र दोन्हीकडे सारखे राहिले. पान्हा गायीलाही फुटतो आणि आईलाही. वार दोघींचीही पडते. माझ्या धंद्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, कारण पान्हा सोडवणारे संप्रेरक दोघींच्या शरीरात एकच आहे, ते म्हणजे ऑक्सिटोसिन. गिरनारच्या शिलालेखात सम्राट अशोकाने माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा अशी जोडीनेच नोंद केली आहे. आमच्या खात्याच्या दवाखान्याची वाट त्याहून फार लांब गेलेली नाही.

नाशिकच्या पंचवटीत रामकुंडाजवळ कपालेश्वराचे देऊळ आहे. तिथे महादेवापुढे नंदी नाही, हे आपण पाहिले असेल. आख्यायिका अशी सांगतात की महादेवाला ब्रह्महत्येचे पातक लागले होते आणि ते कसे फिटावे हे कळत नव्हते. एका ब्राह्मणाच्या घरी वासरू आपल्या आईला सांगत होते की उद्या हा माझ्या नाकात वेसण घालणार आणि मी त्याला मारणार. त्याने मारले, काळे पडले, रामकुंडात उतरून पुन्हा पांढरे झाले, आणि त्याच्या मागोमाग जाऊन महादेवही मुक्त झाले. ज्याने वाट दाखवली तो गुरू, म्हणून त्याला समोर बसवायचे नाही. शेकडो वासरांची नाके मी टोचलेली पाहिली आहेत, आणि या गोष्टीतला महादेव मला इतका जवळचा वाटत नाही जितके ते वासरू वाटते. नाकाच्या दोन पुड्यांमधला पडदा अतिशय नाजूक असतो. दाभण आरपार जाते तेव्हा खोंड ओरडत नाही, त्याचे डोळे मोठे होतात आणि मागचे पाय थरथरतात. गुरे दुखणे लपवतात, कारण कळपात दुबळा दिसणारा आधी शिकार होतो. कायदा इथे शेतकऱ्याच्या बाजूने आहे: वेसण घालणे, शिंगे काढणे, खच्ची करणे आणि डागणे या गोष्टी ठरवून दिलेल्या पद्धतीने केल्या तर त्या क्रूरता धरल्या जात नाहीत. ‘ठरवून दिलेल्या पद्धतीने’ या तीन शब्दांत बरेच काही मावते. जागा बधिर करण्याच्या इंजेक्शनाला फारसा खर्च येत नाही, आणि मी पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलाचा खांदा लोणी-हळदीने मळला जात असताना, मालकांना त्याविषयी बोलत असे. त्या दिवशी ते ऐकतात.

आता तो बिबट्या. निफाड, सिन्नर आणि दिंडोरीच्या उसात बिबट्याच्या कित्येक पिढ्या जन्मल्या आहेत; त्यांच्यासाठी ऊस हेच रान. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांच्या चमूने केलेल्या अभ्यासात जंगल नसलेल्या शेतीच्या मुलखात शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे आढळले, आणि त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा गावठी कुत्र्याचा होता. पंचनाम्याला मला शेळीसाठी बोलावत, वासरासाठी बोलावत. कुत्रा नेला म्हणून कोणीही बोलावले नाही. नुकसान कशाला म्हणायचे तेही शब्दच ठरवतो.

निफाडचे मूल बिबट्याला ‘जनावर’ म्हणते तेव्हा ते शिवी देत नसते. आपल्याकडे सापालाही जनावर म्हणतात: ‘वाटेत जनावर निघालं’ म्हटले की बैल नव्हे, साप निघाला हे गावात सगळ्यांना कळते. रात्री त्याचे नाव घ्यायचे नाही, नाव घेतले की येतो, असा समज. म्हणून ‘लांबडं’ म्हणायचे, ‘जनावर’ म्हणायचे. ज्याचा धाक आहे त्याला मोघम नाव द्यायचे, ही शिष्टाई आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात तीच शिष्टाई देवपणाला पोहोचते. दिवाळीच्या तोंडावर, आश्विन वद्य द्वादशीला, आपण सखल भागात गाय-वासराची पूजा करून वसुबारस साजरी करतो. त्याच तिथीला डोंगरातल्या पाड्यांवर वाघबारस असते, आणि वेशीवरच्या वाघदेवाला, लाकडावर किंवा दगडावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेल्या त्या ठाण्याला, गुराखी नैवेद्य दाखवतात. एकाच दिवशी एका गावात गाय पुजतात आणि दुसऱ्या गावात गाय खाणारा. मागणे दोन्हीकडे एकच असते, गुरे सुखरूप राहू देत. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला ते अंधश्रद्धेसारखे वाटले होते. पुढे एका मळ्यात ऊसतोडीच्या वेळी बिबट्याची दोन पिल्ले सापडली, वनखात्याच्या माणसांनी ती संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवली, आणि ज्याने महिनाभर ‘पिंजरा लावा’ म्हणून तगादा लावला होता तोच शेतकरी मध्यरात्रीपर्यंत दूर ट्रॅक्टरवर बसून वाट पाहत होता. मादीने पिल्ले उचलून नेली तेव्हा तो म्हणाला, ‘आई ती आई.’ दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याचा अर्ज त्याने मागे घेतला असे मात्र नाही.

शिवीबद्दल फार लिहीत नाही. गाढव, बैलोबा, कुत्रा, पाशवी, जनावरासारखे मारले, ढोरमेहनत, ही यादी आपल्याला पाठ आहे. गाढवाइतके समजूतदार जनावर मी कमी पाहिले, आणि ‘माज’, म्हणजे गर्भ धरण्याची तयारी, हा गायीच्या बाबतीत शरीराचा निरोगी धर्म आहे, तो माणसाच्या बाबतीतच दुर्गुण ठरतो. ‘जनावरासारखे मारले’ या वाक्यात निषेध माणसाला मारल्याचा असतो. जनावराला तसे मारायला हरकत नाही हे त्यात न बोलता मान्य केलेले असते. मुलांच्या ध्यानात एवढे आणून दिले तरी पुष्कळ झाले.

माझी स्वतःची चूक सांगतो. १९९० च्या दशकात डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचे औषध गुरांसाठी सहज मिळू लागले आणि आम्ही ते मोकळ्या हाताने टोचले. लंगडणारा बैल दुसऱ्या दिवशी उभा राहिला की मालक खूश आणि आम्हीही खूश. त्या काळात मेलेली गुरे गावाबाहेर हाडकीत टाकत. गिधाडे ती खात, आणि मांसात उरलेल्या औषधाने त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण शास्त्रज्ञांनी २००४ साली उजेडात आणले, २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली, तोवर देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक उरावे इतकी घटली होती. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडे घिरट्या घालताना मी नोकरीच्या सुरुवातीला नेहमी पाहत असे. ती कमी होत गेली हे मला दिसले, पण ते माझ्या कामाशी जोडावे असे एकदाही सुचले नाही. माझ्यासाठी प्राणी म्हणजे दावणीला बांधलेला, केसपेपर असलेला जीव. गिधाड त्या शब्दात बसतच नव्हते. आज मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय आहे, आणि हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखात्याने गिधाडांसाठी मेलेली जनावरे ठेवण्याची जागा केली आहे. तिथे मी एकदा गेलो होतो. गिधाडे अन्नावर उतरायला फार वेळ लावतात. आधी कावळे येतात, मग वाट पाहणे.

शहरातल्या कुत्र्यांचा वादही शब्दांपासूनच सुरू होतो. कुत्र्यांच्या नसबंदीच्या २००१ च्या नियमांत त्यांना रस्त्यावरचे कुत्रे म्हणत, लोक भटके म्हणत. २०२३ च्या नियमांनी ‘समुदायातला प्राणी’ असा शब्द आणला, म्हणजे मालक नाही पण मोहल्ला आहे. ज्याच्या मुलाला चावा बसला आहे त्याला हा शब्द थट्टेसारखा वाटतो आणि रोज बिस्किटे घालणाऱ्याला ‘भटका’ हा शब्द अपमान वाटतो. माझ्या दवाखान्यात दोघेही येतात. दोघांनाही मी आधी रेबीजच्या लसीविषयी विचारतो, कारण लक्षणे दिसू लागल्यावर त्या रोगातून वाचणे जवळजवळ अशक्य असते, आणि तिथे कुत्रा आणि माणूस या दोघांना एकच नियम लागू होतो.

आता वर्गाचे. फळ्यावर शास्त्राचा अर्थ लिहा, मुंगी, कोंबडी आणि माणूस तिन्ही त्यात घ्या, आणि परीक्षेसाठी तो पाठ करून घ्या. ‘गटात न बसणारा शब्द ओळखा’ अशा प्रश्नात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी देऊन कोंबडीवर खूण करायला लावू नका; मूल दोन्ही बाजूंनी बरोबर असते. शक्य झाल्यास थंडीत त्यांना नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात न्या, आपल्याच तालुक्यात आहे, आणि पाण्यावरच्या बदकांना मुले काय म्हणतात ते फक्त ऐका. बहुतेक जण ‘पाखरं’ म्हणतील आणि एखादा ‘किती प्राणी!’ असेही ओरडेल. त्या बिबट्यावाल्या मुलाचे उत्तर खोडू नका. त्याला घरचा अभ्यास म्हणून एवढेच द्या की अंधार पडल्यावर, उसाच्या कडेला उभे असताना, त्याची आजी बिबट्याला काय म्हणते ते विचारून ये, आणि हळू आवाजात विचार.